हातगुणाचा रकाना

आण्णांना कॉम्प्युटर सुरू करता येत नव्हता. माऊसला ते शेवटपर्यंत 'ते गुळगुळीत' म्हणायचे, आणि त्याला हात लावायची वेळ आलीच तर आधी शर्टाला हात पुसायचे. तरीही एक्सेल मला आण्णांनी शिकवलं, असं मी आजही कुणालाही ठणकावून सांगते. क्लासमध्ये मी बटणं शिकले होते, एवढंच.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा चटणी-मसाल्याचा कारखाना होता. आमचा म्हणजे मालकांचा, पण तिथं काम करणारा प्रत्येक जण 'आमचा'च म्हणायचा. मी ऑफिसात कॉम्प्युटरवर होते आणि आण्णा पॅकिंग खात्याचे मुख्य. मूळचे मुरगूडचे. मिरची कांडपाच्या यंत्रावर पोती उचलायला लागले आणि तीसएक वर्षांत खात्याच्या खुर्चीपर्यंत पोचले. त्या खुर्चीवर बसलेलं मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही. तिच्यावर त्यांची वही असायची. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं.

त्यांची जीभ हा कारखान्याचा मोठा ऐवज होता. पोत्यातली मिरची चिमटीत चुरडायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे, आणि निकाल द्यायचा. "ब्याडगी हाय. पर वरची वर. खाली दुसरंच भरलंय." पोतं उलटं केलं की खाली खरंच दुसरं निघायचं. मग व्यापाऱ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणायचे, "पावणं, च्या घिऊन जावा. जाताना मिरची बी घिऊन जावा." माल परत गेला तरी माणूस चहा न घेता गेलेला त्यांना चालायचा नाही.

दुसरा ऐवज म्हणजे ती वही. शाळेच्या पोरांची असते तशी, पण आडवी धरून वापरायची. खिशात लाकडी फूटपट्टी आणि एका टोकाला तांबडी, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. रोज सकाळी आण्णा आधी रेघा मारायचे आणि मग कामाला लागायचे. रकाने त्यांच्या मनाचे. तारीख, वार, मिरची कुठली, हवा कशी, लाईट किती वेळ गेली, आणि शेवटचा रकाना हातगुण. सकाळी यंत्राला पहिला हात ज्याचा लागेल त्याच्या हातगुणावर अख्खा दिवस जातो, हा त्यांचा पक्का सिद्धान्त होता. म्हणून पहिला हात कुणाचा लागला ते नाव त्या रकान्यात जायचं. मी एकदा त्यांना मदत म्हणून दुसऱ्या दिवसाचं नाव आदल्या दिवशीच लिहून ठेवलं. ड्यूटी ठरलेली होती, बिघडलं काय? आण्णांनी ती ओळ खोडरबरनं कागद फाटेस्तोवर खोडली.

"घडल्याबिगार लिवायचं न्हाई आणि लिवल्याबिगार सोडायचं न्हाई," ते म्हणाले. "उद्या त्यो मानूस आलाच न्हाई तर ही वही खोटी पडली की, पोरी."

मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि मला सगळ्यातलं सगळं कळत होतं. हातगुणाच्या रकान्याला मी मनातल्या मनात हसायची. कधी कधी तोंडावरही.

दोन हजार सालानंतर केव्हातरी आमच्याकडे इंकजेट मशीन आलं. त्याआधी पाकिटांवर तारीख आणि बॅच नंबर बायका रबरी शिक्क्यानं मारायच्या. हे परदेशी मशीन शाईचे बारीक थेंब उडवून चालत्या पट्ट्यावरच्या पाकिटावर तारीख छापायचं. एक थेंब वाकडा गेला की आपोआप थांबायचं आणि पडद्यावर चूक दाखवायचं. आण्णांनी त्याला पहिले सहा महिने 'पावणं'च म्हटलं. "आज पावणं बोलंना," "पावण्याला शाई पाजा," असं चालायचं. सहा महिन्यांनी ते एकदा नुसतं 'ह्यो' म्हणाले, तेव्हा मशीन घरचं झालं असं आम्ही समजलो.

आण्णा जोतिबाचे भक्त. दर रविवारी दुपारी डोंगरावर जायचे, ओळखीच्या एका दुकानदाराच्या पडवीत मुक्काम करायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीनं उतरून थेट कारखान्यात हजर. कपाळ, केस, कानाच्या पाळ्या, सगळं गुलाबी. खिशातून गुलालाची पुडी काढायची, बोट बुडवायचं आणि मशीनच्या छापणाऱ्या टोकावर, म्हणजे ज्याला सगळे हेड म्हणत त्याच्यावर, टिळा लावायचा. "मानसाला कपाळावर, ह्याला डोस्क्यावर. चांगभलं!" सोमवारचा पहिला हात त्यामुळे कायम त्यांचाच. वहीत ते इमानानं लिहायचे, 'मी'.

त्या मशीनवर दोन ऑपरेटर होते. त्यातला एक रविवारी गावाकडे गेला की सोमवारी दुपारशिवाय उगवायचा नाही. म्हणून सोमवारची सकाळ कायम सुनीलकडे. सुनील जयसिंगपूरचा, तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. बोलणं कमी आणि हात साफ. रविवारी सकाळी घरच्यांबरोबर विहारात वंदनेला जायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं कामावर. त्याला कारखान्यात आणलं आण्णांनी. मशीनवर बसवलं आण्णांनी. आता त्याला कायम करायचं चाललं होतं, आणि तिथंच घोडं अडलं.

झालं असं की मशीनबरोबर पुण्याच्या इंजिनिअरनं एक तयार रिपोर्ट बसवून दिला होता. एक बटण दाबलं की एकच पान यायचं. महिन्यात पाकिटं किती, मशीन किती वेळा थांबलं आणि कुठल्या ऑपरेटरच्या हाताखाली थांबलं. उंच-बुटके रंगीत खांब. मालक त्या पानावर फार खूश होते. आणि त्या पानावर सुनीलचा खांब दर महिन्याला दुसऱ्याच्या आठ-नऊपट उंच यायचा. हेडच्या फटीत तांबडी भुकटी सापडायची. चटणीच्या कारखान्यात तांबडी भुकटी म्हणजे आणखी काय असणार? सुनील झाकण उघडं ठेवतो, चटणी उडून आत जाते, असं ठरून गेलं. मालकांनी आण्णांना बोलावून सांगितलं, महिनाअखेर बघतो, नाहीतर सुनीलच्या जागी दुसरा माणूस.

आण्णा माझ्या टेबलाशी आले ते त्या पानाची सुरळी करूनच.

"ह्यात वार कुठं हाय?"

"ह्यात वार नसतो, आण्णा. हा तयार रिपोर्ट आहे."

"हवा?"

"नाही."

"मग हे कशाचं रिपोर्ट? हे नुसतं बोट दावतंय." त्यांनी सुरळी टेबलावर आपटली. "मशीनच्या पोटात सगळं आसंल का न्हाई? कवा थांबलं, किती वाजता थांबलं?"

असायला पाहिजे, मी म्हटलं. मशीनच्या पाठीमागे एक जोडणी होती आणि माहितीपुस्तकात लिहिलं होतं की तिथून सगळी नोंद कॉम्प्युटरवर काढता येते. पण त्यासाठी केबल लागणार, आणि मधे ऑफिसची भिंत.

दुपारी मी जेवून आले तर भिंतीला भोक पडलेलं. आण्णा डोक्यावर सिमेंटची पूड घेऊन पलीकडून त्या भोकातून माझ्याकडे बघत होते. "म्याडम, दोरी सोडतो, धरा." मालकांना विचारलंत का, असं मी ओरडले. "भोक पाडल्यावर इचारतो," पलीकडून उत्तर आलं.

तीन दिवस खटपट केल्यावर मशीननं आपलं पोट मोकळं केलं. अक्षरं, आकडे आणि स्वल्पविराम, ओळींवर ओळी. स्वल्पविरामापाशी तोडून मी ते एक्सेलच्या रकान्यांत बसवलं, आणि पडद्यावरची चौकटीचौकटींची जाळी बघून आण्णा एकदम हळवे झाले. "अगं, ही तर माझी वही!" म्हणाले. "रेघा सुदिक आयत्या." त्या दिवसापासून मी म्याडमची कायमची पोरी झाले.

मग सुरू झाला आमचा छळवाद. रोज दुपारी आण्णा वही घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि एकेक दिवस वाचून दाखवायचे. मिरची, हवा, लाईट, पहिला हात. मशीननं दिलेल्या थांब्यांसमोर मी ते भरत जायची. 'मी' आलं की मी 'आण्णा' टाईप करायची. बाकी सगळं ठीक, पण हातगुणाचा रकाना मला लाजिरवाणा वाटायचा. "आण्णा, मालक हसतील. हा एवढा सोडू या का?" मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी ऐकूच न आल्यासारखं पुढचं नाव वाचलं.

पहिला कागद छापून दिला तेव्हा मी खरं तर शाबासकीच्या तयारीत होते. वाराचा रकाना मी सूत्र लावून आपोआप भरला होता. आण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फूटपट्टी एकेक ओळीखाली धरत वाचायला लागले. तिसऱ्या-चौथ्या ओळीवर फूटपट्टी थांबली.

"पाच तारखंला बुधवार?"

"कॉम्प्युटरनं काढलाय, आण्णा. चुकणार नाही."

"ऑगस्टच्या पाचला सोमवार हुता. मी डोंगरावरनं आलतो." फूटपट्टी खाली सरकली. "आणि बाराच दिवस हायत हितं. फुडचा म्हैना कुठं गेला?"

पुढच्या ओळींत वाराच्या जागी नुसती चुकीची खूण येत होती, म्हणून मशीननं खराब माहिती दिली असं समजून मी त्या काढून टाकल्या होत्या. तसं सांगितलं. आण्णांनी मला पडद्यावर मूळची यादी काढायला लावली आणि बराच वेळ बघत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "ह्या तारखा उजवीकडं चिकटल्यात आणि तेराच्या फुडच्या डावीकडं. एकाच घरातली मानसं दोन दारांनी का आत यायलीत?"

मी तारखा तपासल्या. मशीन आधी दिवस लिहीत होतं आणि माझा कॉम्प्युटर आधी महिना वाचत होता. पाच-आठ म्हणजे पाच ऑगस्ट, त्याची मी आठ मे करून ठेवली होती. आमच्या ऑगस्टचे पहिले बारा दिवस जानेवारी ते डिसेंबर, दर महिन्याच्या आठ तारखेला जाऊन बसले होते. तेरापासून पुढे महिनेच नाहीत, म्हणून त्या कॉम्प्युटरला तारखा वाटल्याच नव्हत्या; नुसती अक्षरं समजून त्यानं त्या डावीकडे लावल्या होत्या. चूक मशीनची नाही, कॉम्प्युटरची नाही, माझी. आणि ती पकडली फूटपट्टीवाल्या माणसानं. त्यानंतर आजपर्यंत मी कुठलीही तारीख उजवी-डावी बघितल्याशिवाय पुढे गेलेली नाही.

सगळं पुन्हा केलं. सहा महिन्यांच्या तारखा सरळ केल्या, वार लावले, वारानुसार रांगा लावल्या. बहुतेक थांबे सोमवारपाशी गोळा झाले. दहातले आठ तरी सोमवारचे. मंगळवार ते शनिवार सुनील आणि दुसरा ऑपरेटर जवळपास सारखेच. म्हणजे सुनीलचा तो उंच खांब नुसता सोमवारचा होता. आनंदानं मी हाक मारणार, तेवढ्यात माझी नजर शेवटच्या रकान्यावर गेली. सोमवारच्या प्रत्येक थांब्यापुढे एकच नाव होतं. आण्णा, आण्णा, आण्णा. पडदा भरून.

खोटं कशाला सांगू, तो रकाना पुसून टाकावा असं माझ्या मनात आलं. वार पुरेसा होता. 'सोमवारी काहीतरी होतं' एवढं सांगून सुनील वाचला असता. पण ते माझ्या खुर्चीमागेच उभे होते, आणि त्यांना वाचता येत होतं.

"हातगुन," आण्णा म्हणाले. फक्त तेवढंच. मग फूटपट्टी खिशात घातली आणि पॅकिंगकडे चालू लागले. मी मागोमाग.

योगायोगानं नाही, सोमवारच होता म्हणून, मशीन बंद पडलेलं होतं. सुनील हेड उघडून कापसाच्या बोळ्यानं फट पुसत होता. आण्णांनी त्याला थांबवलं. फटीच्या तोंडाशी साचलेली तांबडी भुकटी नखावर घेतली आणि, आम्ही ओरडेस्तोवर, जिभेच्या टोकाला लावली. डोळे मिटले.  मग ते बाजूला थुंकले.

"तिखट न्हाई," ते म्हणाले.

तीस वर्षं तांबड्या भुकटीवर जगलेला माणूस, आणि सहा महिन्यांत ही भुकटी चाखून बघायची कुणालाच गरज वाटली नव्हती. सगळ्या कारखान्यात एकाच प्रकारचं तांबडं असतं, असं आम्ही धरून चाललो होतो. आण्णांनी खिशातली पुडी काढली, तिच्याकडे बघितलं, परत खिशात ठेवली. मग सुनीलकडे वळले.

"तू दर सोमवारी पुसतूस. तुला ठावं हुतं?"

सुनील बोळ्याकडे बघत राहिला. बोळा गुलाबी झाला होता.

"बोल की."

"ठावं हुतं, आण्णा."

"मग का न्हाई बोललास? नोकरी चालली हुती तुझी, लेका!"

"मी कसं बोलनार?" सुनील हळूच म्हणाला. "तुमचा द्येव. तुमी मला हितं आनलंय. गुलाल लावू नगा म्हनून मी म्हनायचं? माझ्या तोंडातनं ते कसं निघालं असतं, आण्णा? आनि निघालं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं, ते तुमाला बी ठावं हाय की."

आण्णांना ते ठाऊक होतं. मलाही होतं. म्हणूनच मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, कारण सहा महिने मी सुनीलच्या खांबाचा रंग बदलून छापत होते आणि एकदाही त्याच्याजवळ जाऊन 'काय होतंय' असं विचारलं नव्हतं. आण्णा नळावर गेले आणि हात धुतले. बराच वेळ धूत होते.

तासाभरानं माझ्या टेबलाशी आले. "मालकास्नी कागद द्यायचाय. कारनाचा रकाना घाल."

मी घातला आणि त्यात 'बाहेरची धूळ' असं लिहिलं. माझ्या मते मी मोठं शहाणपण केलं होतं. कुणाचं नाव नाही, कुणाला बोल नाही, सुनील सुटला.

आण्णा इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "धूळ? जोतिबाचा गुलाल हाय त्यो! त्याला धूळ म्हन्तीस? चूक द्येवाची न्हाई, गुलालाची न्हाई. बोट माझं हुतं. माझं नाव लिव."

"आण्णा, असू दे की. काम झालंय."

"सा म्हैने त्या पोराच्या नावाफुडं लिवून आलं, तवा कोन म्हनालं का असू दे?" ते म्हणाले. "लिव."

मी लिहिलं. कारण, मशीनच्या हेडवर गुलाल. लावणारा, पॅकिंग खाते प्रमुख. तो कागद घेऊन आण्णा मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि दार उघडंच ठेवलं. त्यांचा आवाज मुळात मोठा, त्या दिवशी मुद्दाम आणखी मोठा, म्हणजे पट्ट्यावरच्या बायकांपर्यंत पोचावा. "मालक, नाव चुकलंय. सुनीलचं न्हवं, माझं हाय." मालकांनी कागद वाचला, हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. आण्णा हसले नाहीत. सुनीलच्या कायमच्या कागदावर सही झाल्याशिवाय ते त्या केबिनमधून बाहेरही आले नाहीत. तिथली खुर्ची दिली होती त्यांना, पण उभेच राहिले, असं मालकांनीच मला नंतर सांगितलं. तयार रिपोर्टचं बटण त्यानंतर कुणी दाबलं नाही. दर महिन्याला आण्णांच्याच रकान्यांचा कागद जायचा, हातगुणासकट, आणि तो काढताना मी पुन्हा कधी हसले नाही.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम लवकर गेले. आण्णा डोंगरावरून आले, नेहमीसारखे गुलाबी. कपाळ, केस, कानाच्या पाळ्या. नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. मग मशीनपासून चार पावलांवर, हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "चांगभलं."

सुनील अवघडला. "आण्णा, हात धुतल्यात न्हवं? लावा की. पयला हात तुमचाच."

"न्हाई. लिवून झालंय," आण्णा म्हणाले.

सुनीलनं मशीन सुरू केलं. पाकिटं तारखा घेऊन पट्ट्यावरून पुढे सरकायला लागली. मला मात्र ते 'लिवून झालंय' पटेना. साडेसात वाजले होते, मशीनला आत्ता कुठं हात लागला होता, आणि ज्या माणसानं माझी एक ओळ कागद फाटेस्तोवर खोडली होती तो घडायच्या आधी लिहील कसा? मी खुर्चीवरची वही उघडली.

त्या सोमवारच्या ओळीत हातगुणाच्या रकान्यात सुनीलचं नाव होतं. मी पान उलटलं. पुढच्या सोमवारीही तेच. आण्णांनी फूटपट्टी लावून वहीच्या शेवटच्या पानापर्यंत रेघा मारल्या होत्या. बाकी सगळे दिवस कोरे होते, आणि प्रत्येक सोमवारपुढे निळ्या पेन्सिलीनं, दाबून, सुनील लिहून ठेवलेलं होतं.